दहा नापास आणि एक फुस्स

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो आणि या शतकात तो मी आहे. माझी नजर भिंतीपलीकडचं पाहते. अलीकडचं बायको पाहते. आजवर मी एकतीस प्रकरणं हाताळली. त्यांतली चार सुटली, तीन आपोआप आणि एक मी सोडून दिल्यावर. विनय हा माझा एकमेव दोष असल्याने इथेच थांबतो.

बायको माझी सहायक. फावल्या वेळात, म्हणजे रोज आठ तास, ती इस्पितळातल्या अतिदक्षता विभागाची हेड नर्स असते. ती वीस वर्षं गाडी चालवते आहे. मला गाडी येत नाही. म्हणजे येते, पण परीक्षेत चढावर बंद पडली, मागे घसरली, आणि परीक्षक दार उघडून चालते झाले. तेव्हापासून संशयितांचा पाठलाग मी बायकोशेजारी बसून करतो आणि वाटेत तिला भाजी घ्यायची असते. दोष गाडीचा होता, हे मी घरात महिनाभर सांगतोय. कोणी ऐकून घेत नाही. मनाला फार लागलंय, खोटं कशाला बोलू.

म्हणूनच गेल्या आठवड्यात क्लचमास्तर दारात उभे राहिले तेव्हा मला आनंद लपवता आला नाही. क्लचमास्तर म्हणजे मी जिथे शिकलो त्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, शिक्षक आणि तिथल्या एकुलत्या एक टर्बो गाडीचे धनी. बोलतानासुद्धा त्यांचा डावा पाय आपोआप दाबला जातो.

"साहेब, घात झाला," ते म्हणाले. "महिन्याभरात नऊजण नापास. एक्सलेटरवरून पाय उचलला की गाडी फुस्स करते, हिसका देते आणि बंद पडते."

"नऊ नाही, दहा. मला विसरलात."

"तुम्हाला कोण विसरेल," मास्तर म्हणाले.

"मला फी नको," मी म्हणालो. "शेवटी फक्त लेखी द्या, की दोष गाडीचा होता, माझा नव्हता."

त्यांनी मान डोलावली. मी तपासाला लागलो.

पहिला संशय समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवर. त्यांनी टाकीत साखर घातली असणार. मी टाकीत दोरा सोडला आणि ओला झाल्यावर चाटून पाहिला. साखर नव्हती. त्यानंतर संध्याकाळपर्यंत बायकोने मला गॅसजवळ फिरकू दिलं नाही.

दुसरा संशय परीक्षकावर. तो चोरून ब्रेक दाबत असणार. मी मागच्या सीटखाली आडवा होऊन एक अख्खी परीक्षा त्याच्या पायांवर नजर ठेवली. त्याचे दोन मोजे दोन रंगांचे होते, एवढंच सिद्ध झालं. परीक्षा रद्द झाली, कारण गाडीत तिसरा माणूस सापडला.

तिसरा सिद्धांत माझा आवडता. फुस्स असा आवाज जगात कोण करतं? मी काठी घेऊन बॉनेटसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाहेर ये. तुझी ओळख पटली आहे." साप आला नाही. समोरच्या स्कूलचे सगळे शिष्य मात्र बाहेर आले.

काल बायकोला सुट्टी होती. "मास्तर, चावी द्या," ती म्हणाली. मैदानाला एक फेरी मारली, वळणावर पाय उचलला. फुस्स, हिसका आणि गाडी बंद.

मी वहीत लिहिलं: नवा संशयित, बायको.

"शिकाऊ माणसाची गाडी बंद पडायचीच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "गाडी येणाऱ्याला कोणी चालवायलाच दिली नव्हती." तिने बॉनेट उघडलं. "हे चकचकीत काय बसवलंय?"

"डंप व्हॉल्व्ह," मास्तर म्हणाले. "टर्बो हवा आत ढकलतो. पाय उचलला की त्या हवेला जायला वाट लागते. कंपनीचा व्हॉल्व्ह ती गुपचूप परत आतल्या पाइपात सोडायचा. हा बाहेर सोडतो."

"मग हा का घेतला?"

"आवाजासाठी. दुकानदाराने चार वाजवून दाखवले, त्यातला सगळ्यात मोठा उचलला. शिकवताना माझे डोळे मिटलेले असतात. फुस्स झालं की समजायचं, पाय उचलला."

"डोळे मिटलेले?"

"सवय लागली," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

बायकोने व्हॉल्व्हचा खोका मागवला. आतला कागद घडीसुद्धा न मोडलेला होता. तिने मोठ्याने वाचलं: हवा मोजून पेट्रोल सोडणाऱ्या गाडीला हा व्हॉल्व्ह बसवू नये.

"आमच्या व्हेंटिलेटरचंही असंच," ती म्हणाली. "मोजलेली हवा मध्येच गळली तर सगळा हिशेब चुकतो. गाडी हवा मोजते, तेवढं पेट्रोल सोडते, आणि हवा तुम्ही बाहेर फुंकून टाकता. ती गुदमरणार नाही तर काय? त्या नऊजणांना काय सांगितलंत?"

"तुमचा पाय जड आहे म्हणून."

जुना व्हॉल्व्ह मास्तरांच्या कपाटात होता. तो अर्ध्या तासात बसला. बायकोने पाच फेऱ्या मारल्या, गाडी एकदाही बंद पडली नाही. मग मास्तरांनी वही काढून एकेकाला फोन लावला. त्या नऊजणांतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई तर रडल्याच. आपल्याला या जन्मी जमणार नाही म्हणून त्यांनी गाडीचा नाद सोडला होता. मलाही गलबलून आलं.

नऊ फोन झाले. मी पेन पुढे केलं. "आता माझं लेखी."

"तुम्हाला नाही देता येणार," मास्तर म्हणाले. "तुमची परीक्षा सहा तारखेला होती. व्हॉल्व्ह सातला बसवला. तुमच्या वेळी गाडी ठणठणीत होती."

योगायोगावर माझा विश्वास नाही. "नेमकं दुसऱ्याच दिवशी?" मी टेबलावर बोट आपटलं. "असं काय घडलं होतं सहा तारखेला?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "सांगा," ती म्हणाली. "त्यांनीच विचारलंय."

"तुम्ही चालवायला बसलात की मला बघवायचं नाही," मास्तर म्हणाले. "डोळे मिटायची सवय लागली ती तेव्हापासून. आणि परीक्षेनंतर तुम्ही म्हणालात, परत पहिल्यापासून शिकायला येतो. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचं दुकान उघडायच्या आधी मी दारात उभा होतो."

मी पेन खिशात ठेवलं. मग बायकोने मास्तरांची वही उघडून माझ्यापुढे सरकवली आणि फोन त्यावर ठेवला.

"नऊ नंबर आहेत," ती म्हणाली. "माफीची सुरुवात शिवणाऱ्या बाईंपासून करा."