दोन इंच जास्तीचा क्ष

माझं माप चुकत नाही! अठ्ठावीस वर्षं शिवतेय. माणूस दुकानाची पायरी चढत असतो तोवर त्याचा खांदा, छाती, कंबर माझ्या डोक्यात लिहून झालेली असते. टेप मी फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावते. त्यामुळे कॉलेजच्या पूर्वतयारी वर्गात बीजगणित आहे असं कळल्यावर बाकीचे गार पडले, पण मी मात्र हसले. म्हटलं, आकड्यांना मी घाबरायचं? आकड्यांनी मला घाबरावं!

आता या वयात कॉलेज कशाला, असं तुम्ही विचाराल. ह्यांनीही विचारलं होतं. सांगते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेली डिझाइनं शिवली. बाही कुठे वळावी, चुणी कुठे पडावी, हे मला सुचतं, पण कागदावर काढता येत नाही. मला ते शिकायचंय. मनापासून शिकायचंय. त्यासाठी कॉलेजात वस्त्ररचनेला प्रवेश हवा, प्रवेशासाठी पूर्वतयारी वर्ग पास हवा, आणि वर्गात टिकायचं तर बीजगणिताची पहिली चाचणी पास हवी. नापास झालं की नाव कमी. संपलं!

आमच्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘क्ष’ लिहून म्हणाल्या, “ही आपल्याला माहीत नसलेली संख्या.”

मी हात वर केला. “माहीत नाही, तर नाव कसं ठेवलंत?”

“नाव ठेवलं म्हणजे तिच्याबद्दल बोलता येतं, ताई. बोलत बोलत तिला पकडायचं.”

अगं बाई! मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू! जे ठाऊक नाही त्याला आधी हाक मारायची आणि मग शोधायला निघायचं. मी प्रश्नांचा नुसता सपाटा लावला. बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकाचं वजा का होतं? बाई म्हणाल्या, दोन्ही बाजू सारख्या राहायला हव्यात, एकीकडून काढलं तर दुसरीकडूनही काढायचं. मी म्हटलं, “म्हणजे झंपराची डावी बाजू आत घेतली की उजवीही घ्यायची!” बाई हसून म्हणाल्या, “हो, तसंच.” माझ्या बाकावर बसणारे वेल्डरभाऊ म्हणाले, “बाई, आता आम्हाला वेल्डिंगमधलं सांगा.”

आठवडाभर मी जेवताना, इस्त्री करताना, काजं करताना गणितं सोडवली. चाचणीला गेले ती लग्नघरची करवली निघावी तशी. दहा गणितं. कच्चं काम वेगळ्या कागदावर करायचं, उत्तर तेवढं चौकटीत लिहायचं. सगळ्यांच्या आधी पेपर दिला आणि बाहेर येऊन पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी पेपर हातात आला. शून्य!

दहापैकी शून्य. दहाच्या दहा चौकटींवर लाल फुल्या. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे बसणाऱ्या सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “तुमची नाडी फार जोरात चाललीय.”

“चालेल नाही तर काय! उत्तरं बरोबर आहेत माझी! मी एकेक पायरी दोनदा तपासलीय!”

मी पुस्तकाच्या मागची उत्तरं काढली. पुस्तकातली गणितं मी घरी सोडवली होती, ती वहीही काढली. एकही उत्तर जुळेना. मग याचा अर्थ काय? तुम्हीच सांगा. मला तरी एकच अर्थ दिसला.

“पुस्तक चुकलंय!” मी बाकावर हात आपटून म्हटलं.

वेल्डरभाऊ घाबरत म्हणाले, “पण ताई, मला आठ मिळालेत.”

“म्हणजे तुमची आठ चुकलीत!”

ते विचारात पडले. दुपारपर्यंत मी अर्ज लिहून तयार केला: पुस्तकातली उत्तरं सदोष असून प्रामाणिक विद्यार्थ्यांचं नुकसान होत आहे. सिस्टरनी सही केली, माझी नाडी उतरावी म्हणून. वेल्डरभाऊंनीही केली. “माझे आठ गेले तरी चालतील, पण तुमच्यावर अन्याय नको,” म्हणाले. इतका भला माणूस! संध्याकाळपर्यंत चौदा सह्या झाल्या आणि अर्ज थेट प्राचार्यांच्या टेबलावर गेला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. प्राचार्य खुर्चीत, बाई शेजारी उभ्या, आणि टेबलावर माझा पेपर. बाईंचा चेहरा उतरलेला होता.

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “मी रात्री तुमचा पेपर पुन्हा पाहिला. तुमचं प्रत्येक उत्तर बरोबर उत्तरापेक्षा नेमकं दोननं जास्त आहे. दहाच्या दहा. असं आपोआप होत नाही.”

“मग?”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “मग असं, की दुसऱ्या कुठल्या तरी पेपरची उत्तरं तुम्ही पाठ करून आलात. याला कॉपी म्हणतात, ताई. यात नाव कमी होतंच, पुढच्या वर्षीही बसता येत नाही.”

कॉपी! मी! अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडातलं बोटभर कापड कधी ठेवून घेतलं नाही मी. रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, “खडू द्या. इथेच, तुमच्या डोळ्यांसमोर सोडवते!”

बाईंनी भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं: ५क्ष − ८ = २७.

मी खडू घेतला. दोन्ही बाजूंना आठ मिळवले, ५क्ष बरोबर पस्तीस. दोन्ही बाजूंना पाचानं भागलं, क्ष बरोबर सात. बाईंचा चेहरा उजळला. “बरोब्बर!” त्या ओरडल्याच.

“आता उत्तर चौकटीत लिहा,” प्राचार्य म्हणाले.

मी चौकट काढली आणि आत लिहिलं, नऊ.

प्राचार्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

“सात आलं ना?” प्राचार्यांनी विचारलं.

“आलं की.”

“मग नऊ का लिहिलंत?”

“दोन जास्त धरले.”

“पण का?”

मला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “का म्हणजे? कमी पडलं तर?”

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फळ्याकडे. मग मी समजावलं त्यांना. शिलाई मला मामांनी शिकवली, लाकडी पट्टीनं हातावर मारून मारून. माप छत्तीस आलं की कापायचं अडतीस. दोन इंच शिवणीत जातात, आत दाबले जातात, माणूस पुढे जाडही होतो. कापलेलं कापड वाढत नाही! डोकं काही का मोजेना, कापायची वेळ आली की हात आपोआप दोन जास्त धरतो. मला कळतही नाही.

“ताळा करून पाहा,” प्राचार्य म्हणाले. “क्षच्या जागी नऊ घाला.”

मी घातले. पाच नव्वे पंचेचाळीस, वजा आठ, सदतीस. पाहिजे होते सत्तावीस. “हां, दहा जास्त होतंय खरं,” मी मान्य केलं. “पण असू द्या ना, नंतर आत घेता येतं!”

तेव्हा कुठे प्राचार्य हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, बाईंनी पाणी दिलं. कॉपीचा आळ मिटला. पण शून्य ते शून्यच. गणित येतंय हे दिसलं, म्हणून नाव लगेच कमी न करता आठ दिवसांनी पुन्हा चाचणी, आणि ती शेवटची. “जे आलं तेच लिहायचं, ताई,” बाई हात जोडून म्हणाल्या. “एक सूतही जास्त नको.”

मी अर्ज मागे घेतला. वेल्डरभाऊंचे आठ त्यांना परत मिळाले, त्यांना फार आनंद झाला.

ते आठ दिवस कसे काढले माझं मला माहीत! अठ्ठावीस वर्षांची खोड आठ दिवसांत मोडायची होती. गिऱ्हाइकांचं काम घेणं बंद ठेवलं आणि उठता बसता एकच जप सुरू केला, आलं तेच, आलं तेच. दूधवाल्यानं विचारलं, “किती?” मी म्हटलं, “एक. एकच. तीन नाही.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

चाचणीच्या दिवशी प्रत्येक चौकटीपाशी हात दोन जास्त धरायला निघाला. पण लिहिलं तेच, जे आलं होतं. निकाल लागला. दहापैकी दहा! बाईंनी मला मिठीच मारली. मी फळ्याजवळ उभी राहून लहान पोरीसारखी रडले. वर्ग पास झाल्यावर भरायचा कॉलेजचा फॉर्म आत्ताच घेऊन तरंगत घरी आले.

घरी हे आरशासमोर उभे होते. बसच्या ड्युटीसाठी नवी पँट शिवून मागितली होती त्यांनी, ती मी त्याच आठवड्यात कापली होती. घरचंच काम, त्यात कसला खाडा! पँट मांड्यांपर्यंत चढली होती आणि तिथेच अडली होती. चेहरा लालबुंद झाला होता.

“अगं, हे काय केलंस?” त्यांनी श्वास रोखून विचारलं. “शिवणीत सोडायला सूतभरही कापड नाही! माप घेतलं होतंस ना?”

घेतलं होतं की! अडतीस आलं, अडतीसच कापलं. गणित अगदी बरोबर होतं हो. नवरा तेवढा त्यात मावला नाही!