अप्पांनी बुजवलेला पोचा

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी तांब्या हातात घेतात. पाणी प्यायला नव्हे. तांब्यावरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "पोचा हाय की ओ!" एकदा ते तेराव्याच्या जेवणातून पाण्याचा जग उचलून घेऊन गेले. त्या घरची माणसं दुःख बाजूला ठेवून जग शोधत बसली. संध्याकाळी अप्पा तो गुळगुळीत करून परत घेऊन आले.

लातूरच्या गोलाई बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. पोचा पडलेलं भांडं गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून लाकडी हातोडीनं ठोकून तो काढण्यात त्यांची हयात गेली. पुढे नजर इतकी पक्की झाली, की विकायला ठेवलेल्या घागरीतले पोचे ते स्वतःच गिऱ्हाइकाला दाखवायला लागले. मुलानं हात जोडून त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून अप्पा गल्लीत पोचे हुडकत फिरतात. वस्तू चालते का, हा त्यांचा प्रश्नच नव्हे. "चालतंय ते चालू द्या. दिसायलंय कसं ते बघा!"

आमच्या आईकडे गाण्यांचा एक छोटा लाल डबा आहे. आत भजनं भरलेली, शिवाय रेडिओ, खाली एका ओळीत पाच सारखीच बटनं. काचबिंदूनं आईची नजर गेल्यापासून तोच तिचा सोबती. एकदा तो तिच्या हातून फरशीवर पडला. गाणी सुरू राहिली, पण पत्र्याला पोचा आला आणि थोडा रंग उडाला. अप्पांनी तो ओट्यावरून पाहिला आणि मी नको नको म्हणत असताना घेऊन गेले.

दोन दिवसांनी आणला तेव्हा मीही बघत राहिलो. पत्रा सपाट. रंग जुळवायला म्हणे त्यांनी बाजारातल्या सगळ्या नेलपॉलिशच्या बाटल्या उघडून पाहिल्या होत्या.

आईनं डबा चाचपला, बटन दाबलं. रेडिओची खरखर आली. दुसरं दाबलं, तर ती वाढली. तिनं डबा मांडीवर ठेवला. "हे माझं न्हाई."

"तुमचंच हाय की आक्का. नवं दिसायलंय!"

"कुणाला दिसायलंय, अप्पा?"

आईच पुढे बोलली, "त्या खड्ड्याच्या खालचंच बटन भजनाचं होतं. डबा पडल्यापासनं लावून द्या म्हणून मला कुणाला हाक मारावी लागत न्हवती."

मी म्हटलं, बटनावर टिकली चिकटवू. "टिकली गळून पडती," अप्पा पुटपुटले. घरी जाऊन हातोडी आणि एक बोथट खिळा घेऊन आले. डबा उघडून पत्रा सुटा केला, आईचं बोट धरून जागा विचारली. हातोडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. आजवर त्यांनी पोचे काढले होते, पाडला एकही नव्हता. मला त्यांची दया आली.

"आक्का, तुमी मारता का?"

"मला दिसतंय का? तुमीच मारा."

अप्पांनी तोंड फिरवलं आणि ठोका घातला.

आईनं बोट फिरवून पाहिलं. "जरा खोल पायजे."

दुसरा ठोका बसला. डबा बंद करून त्यांनी आईच्या हातात दिला. तिनं एकदाच बटन दाबलं आणि भजन लागलं. अप्पा ते संपेपर्यंत बसून राहिले. जाताना म्हणाले, "लई खराब दिसायलंय."

आता ते रोज संध्याकाळी येतात. डब्यावर अंगठा फिरवतात, तेच वाक्य म्हणतात आणि बसतात. गेल्या आठवड्यात मात्र दोन दिवस फिरकले नाहीत. आईनं मला हाक मारली, "जा, अप्पाला म्हणावं, पोचा बुजायला लागलाय."

पत्र्यातला पोचा आपसूक बुजत नाही, हे अप्पांइतकं लातुरात कुणाला ठाऊक असणार? मी निरोप सांगितला. अप्पा हातोडी घेऊन माझ्याआधी पायरी उतरले.