गाडीत दोष आढळला नाही

सहाय्यक अधीक्षकांनी सेकंडहँड गाडी घेतली ती हौस म्हणून नव्हे, असं त्यांनी कार्यालयात, शेजारीपाजारी आणि घरी, तिन्ही ठिकाणी एकाच वाक्यात सांगितलं होतं. गाडीचं प्रयोजन एकच होतं. आईला टेकडीवरच्या नेत्र रुग्णालयात नेणे व परत आणणे. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या डोळ्याने तिला काहीच दिसत नव्हतं आणि डाव्याने जे दिसायचं ते सगळं धुक्यात बुडालेलं. दोन वर्षांत तिने मुलाचा चेहरा पाहिला नव्हता. ती त्यांना चपलांच्या आवाजावरून ओळखायची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिचा नंबर लागल्याचं पत्र आलं, तेव्हा अधीक्षकांनी नोकरीत किंवा नोकरीबाहेर पहिल्यांदाच एक निर्णय आठवड्याच्या आत घेतला.

गाडी सात वर्षांची होती आणि तीन मालकांच्या हाताखालून गेली होती. शेवटचे मालक एक निवृत्त प्राध्यापक. आपण ती फक्त वाचनालयापर्यंत न्यायचो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. वाचनालयाच्या रस्त्यावर चढ आहे का, हे विचारायचं अधीक्षकांना सुचलं नाही.

सपाटीवर गाडी सभ्य माणसासारखी चालायची. चढ लागला की मात्र ती विचारात पडायची. अधीक्षक अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल आणखी खाली जात नाही तोवर दाबायचे, इंजिन घसा खाकरायचं आणि वेग हळूहळू उतरत पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीला यायचा. रुग्णालयाने दिलेल्या पहिल्या तारखेला टेकडीच्या निम्म्या चढावर ती थांबलीच. मागच्या वाहनांनी हॉर्न वाजवून आपापलं मत नोंदवलं. गाडी उलटी खाली आणेपर्यंत अकरा वाजले, आणि अकराला रुग्णालयाची नोंदणीची खिडकी बंद होत असे. नियम स्पष्ट होता. तीन तारखांना गैरहजर राहणाऱ्या रुग्णाचं नाव यादीच्या शेपटाला जाई, आणि ती यादी दोन वर्षांची होती.

बायको म्हणाली, पुढच्या वेळी टॅक्सी करू. अधीक्षकांनी तिला शांतपणे समजावलं की एका कामासाठी एक वाहन मंजूर असताना त्याच कामासाठी दुसरं वाहन घेणं म्हणजे पहिलं वाहन निरुपयोगी आहे हे मान्य करणं, आणि तसं मान्य करायला आधी तपासणी अहवाल लागतो. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने असे बरेच अहवाल पचवले होते.

अहवालासाठी अधीक्षक गॅरेजमध्ये गेले. तिथल्या काउंटरवर त्यांना सहा पानी अर्ज मिळाला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सहा पानं म्हणजे माणसं कामाची होती. ‘पेडल पूर्ण दाबले जाते काय?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘होय’ लिहिलं, कारण पेडल जिथपर्यंत जायचं तिथपर्यंत ते खरोखर दाबत होते. ‘गाडीत पूर्वी काही बदल केले आहेत काय?’ याला होय, नाही आणि माहीत नाही असे तीन पर्याय होते. त्यांनी प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’वर खूण केली. काउंटरवरच्या बाईंनी ती खूण पाहून अर्ज परत दिला आणि माहीत नसलेल्यांची रांग पलीकडे असल्याचं सांगितलं. ती रांग बरीच मोठी होती.

हेडमेकॅनिक हा मितभाषी माणूस होता. त्याने गाडीला वायर जोडून संगणक लावला, बॉनेट उघडून पाहिलं, आत वाकून पाहिलं आणि चार दिवसांनी निष्कर्ष दिला. गाडीत पूर्वी बरेच बदल झाले होते. सायलेन्सर मूळचा नव्हता, दुप्पट रुंद होता. एअर फिल्टर भलत्याच गाडीचा होता. इंजिनाला हुकूम देणारी संगणकाची डबी कोणीतरी उघडून तिला जास्त पेट्रोल सोडायला शिकवलं होतं. प्रत्येक मालकाला गाडी मंद वाटली होती आणि प्रत्येकाने तिला जोर यावा म्हणून काहीतरी बसवलं होतं. पण संगणकाच्या मते यातल्या कशातही बिघाड नव्हता. अहवालाच्या शेवटी ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘गाडीत दोष आढळला नाही. चढाची तपासणी या केंद्राच्या कक्षेत येत नाही.’

मग हे जुने बदल काढून का टाकत नाही, असं अधीक्षकांनी विचारलं. हेडमेकॅनिक म्हणाला, ज्याने बसवले त्याने काही विचार करून बसवले असतील, आपण काढणारे कोण. आपण फार तर भर घालू शकतो.

हे ऐकून अधीक्षकांना आपल्याच कार्यालयात बसल्यासारखं वाटलं. त्यांच्या कार्यालयात मुख्य दाराच्या तोंडावर एक लोखंडी कपाट उभं होतं. ते तिथे कोणी ठेवलं हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ते हलवायची परवानगी कोणाकडे मागायची हेही ठाऊक नव्हतं. लोक त्याला अडखळून पडू लागले तेव्हा पडू नये अशी सूचना कपाटावर लावली गेली. ती अंधारात दिसेना म्हणून वर दिवा आला. शेवटी भिंत फोडून पलीकडे दुसरं दार काढण्यात आलं, आणि त्या प्रस्तावाचा मसुदा खुद्द अधीक्षकांच्या हातचा होता. कपाट रिकामं होतं. त्यांच्या साऱ्या नोकरीत त्यांनी मागच्या माणसाचा एकही शेरा खोडला नव्हता. खाली आपला शेरा जोडला होता.

गॅरेजने भर घातली. दुसऱ्या तारखेला गाडी नव्या प्लगसह, नव्या पंपासह आणि टाकीत ओतलेल्या कसल्याशा निळ्या औषधासह चढाला लागली आणि पहिल्या वेळेपेक्षा तीस पावलं अलीकडे थांबली. बायको उतरून ढकलू लागली. आई आतून विचारत राहिली, आलं का रुग्णालय. अधीक्षकांना त्या प्रश्नाचं फार वाईट वाटलं. आईला आपण दिसावं, एवढंच त्यांना मनापासून हवं होतं. अकरा वाजले.

आता एकच तारीख उरली होती. अधीक्षकांनी गॅरेजला खरमरीत पत्र लिहिलं. त्यावर गॅरेजने चौकशी नेमली, आणि चौकशीअंती गाडीचं वजन कमी करण्याची शिफारस आली. मागची सीट काढली गेली, डिकीतलं जादा चाक काढलं गेलं. बायकोने आता बसायचं कुठे, असं विचारल्यावर अधीक्षकांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. ती काय समजायचं ते समजली आणि तिने मागच्या मोकळ्या जागेत पाट टाकला.

तिसऱ्या तारखेला ते नऊ वाजताच निघाले. गाडी निम्म्या चढापर्यंत आली, तिथल्या दगडी कुंपणापाशी थरथरली आणि थांबली. साडेदहा वाजायचे होते. थांबताना बसलेल्या हिसक्याने आईच्या हातातली डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली सुटून अधीक्षकांच्या पायांपाशी गडगडत गेली. अधीक्षक बाहेर उतरून बॉनेटकडे पाहू लागले. आई बाजूला वाकून हाताने चाचपडू लागली. दिसत नसल्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट हाताने पाहायची सवय होती. बाटली तिला सापडली, पण हात तिथेच थांबला.

“अरे,” ती म्हणाली, “तुझ्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा आहे.”

अधीक्षक गुडघ्यांवर टेकून आत वाकले. अंगठ्याएवढ्या जाडीचा, तारेने पक्का बांधलेला, वापरून गुळगुळीत झालेला एक ठोकळा अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली बसवलेला होता. पेडल निम्म्यावर जाऊन त्याच्यावर टेकत होतं. ठोकळ्यावर तीन गोल स्टिकर होते. तिन्हींवर एकच शब्द होता, ‘तपासले’. तिसरा स्टिकर अजून नवा करकरीत होता.

“काढ तो आणि चल,” आई म्हणाली. “अजून अर्धा तास आहे.”

त्यांनी तार धरली. ती दोन पिळांत सुटली असती. आणि मग त्यांना भीती वाटली. हा ठोकळा कोणीतरी बसवला होता. तिघांनी तपासला होता. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न काय विचारला जाईल, हे त्यांना नोकरीतल्या सगळ्या वर्षांनी पढवून ठेवलं होतं. तो कोणी बसवला, असं कोणी विचारणार नव्हतं. कोणी काढला, असं विचारणार होते. त्यांनी तार सोडली, बायकोने पुढे केलेला हात अडवला आणि हेडमेकॅनिकला फोन लावला.

“पाहिलाय साहेब,” हेडमेकॅनिक म्हणाला. “पहिल्याच दिवशी पाहिला.”

“मग काढला का नाहीत?”

“आम्ही बसवलेला नाही.”

या उत्तरात अधीक्षकांना खोट काढता येईना. हेडमेकॅनिकने पुढे समजावून सांगितलं की सायलेन्सर, फिल्टर, डबी, पंप हे सगळे बदल ठोकळा आहे हे धरून झालेले आहेत. आता गाडीतला तोच एक भाग असा होता की ज्यावर बाकी सगळे अवलंबून होते.

“काढला तर गाडी कशी पळेल हे मी सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “ठेवलात तर कशी पळणार नाही, हे लेखी देतो.”

लेखी, हा शब्द ऐकल्यावर अधीक्षकांनी खिशातून पेन काढलं. ते ठोकळा दर सर्व्हिसिंगला दोन मिलिमीटर तासण्याची अट उतरवून घेत होते, तेवढ्यात रुग्णालयाच्या चादरींची गाठोडी घेऊन जाणारा टेम्पो मागून आला. बायकोने तो हात करून थांबवला. नवऱ्याकडे न बघता तिने सासूला उतरवलं, चादरींवर बसवलं आणि स्वतःही चढून बसली. जाताना आईने एवढंच विचारलं, की तो येतोय ना. सून म्हणाली, त्यांचा फोन चालू आहे. टेम्पो भरल्या गाठोड्यांनिशी चढ चढून गेला. खिडकी बंद व्हायला तीन मिनिटं असताना दोघी तिथे पोचल्या.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी सोडल्यावर आईने मुलाकडे बराच वेळ पाहिलं आणि तू एवढा म्हातारा कधी झालास, असं विचारलं. मग घरी आल्यावर तिने गाडीचं दार उघडायला लावून नव्या डोळ्याने तो ठोकळा नीट पाहिला.

“एवढुसाच आहे की रे,” ती म्हणाली.

अधीक्षकांनी दार लावून घेतलं आणि किल्ली खिशात टाकली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाडी विकायची ठरवली. अंतिम तपासणीत गॅरेजने ठोकळ्यावर चौथा स्टिकर लावून दिला, मागची सीट परत बसली, आणि जाहिरातीत लिहिलं गेलं, ‘जपून वापरलेली, वेळोवेळी तपासलेली, दोष न आढळलेली.’

गाडी बघायला आलेला गृहस्थ चांगला शिकलेला, वाचणारा, विनोद समजणारा होता. अधीक्षक कागदपत्रं आणायला आत गेले तेव्हा आईने त्याला पाणी दिलं आणि काही न लपवता सगळी हकीकत सांगितली. सहा पानी अर्ज, निळं औषध, पाटावर बसलेली सून आणि चढावर फोनला चिकटलेला आपला मुलगा. गृहस्थ पोट धरून हसला. अशी माणसं असतात म्हणूनच सगळं अडून राहिलंय, असं तो म्हणाला. आपण असतो तर तो ठोकळा तिथल्या तिथे उपटून कुंपणापलीकडे भिरकावला असता, असंही म्हणाला. अगदी तुम्ही वाचक आता मनात म्हणत होतात तसंच.

मग तो गाडीत बसला, वाकून ठोकळा पाहिला आणि चारही स्टिकर मोजले. पेडलवर पाय ठेवून दोनदा दाबून पाहिलं. कागदांवर सही केली, किल्ली घेतली आणि निघताना काच खाली करून अधीक्षकांना विचारलं, हा पाचवा स्टिकर कुठे मिळतो.