मेहुण्यांची दाढ आणि अंतिम यादी

डॉक्टरांनी निम्म्या गावाचे दात काढले होते, पण सख्ख्या मेहुण्यांची दाढ काही त्यांच्या हाती लागत नव्हती. "जगाच्या तोंडात हात घालता," बायको रोज जेवताना म्हणायची, "आणि माझ्या दादाची एक दाढ निघत नाही तुमच्याच्यानं." डॉक्टर आणखी एक पोळी वाढून घ्यायचे.

मेहुणे साहित्याचे प्राध्यापक होते, शिवाय एका मोठ्या पुरस्काराच्या निवड समितीवर होते. दवाखान्यात ते अगदी नियमित यायचे. सुजलेला गाल धरून बाकावर बसायचे, शेल्फातली एखादी रहस्यकथा उचलायचे आणि नंबर आला की म्हणायचे, "एवढं प्रकरण संपलं की आलोच." प्रकरण संपेपर्यंत दवाखाना बंद करायची वेळ व्हायची. मग पुस्तक काखोटीला मारून ते घरी जायचे.

रहस्यकथा काउंटरवरच्या ताईंच्या होत्या. पेशंटना वाट बघताना धाकधूक होऊ नये म्हणून त्यांनी त्या घरून आणून ठेवल्या होत्या. धाकधूक गेली, पण पेशंटही उठेनासे झाले. ताईंनी त्यावर स्वतःच तोड काढली. दोनदा हाक मारूनही कुणी हललं नाही, की त्या काउंटरवरूनच सांगायच्या, "खून माळ्यानं केलाय. चला आत." लोक उठायचे, पण भांडायला. एका निवृत्त इंजिनिअरांचा रक्तदाब त्या माळ्यापायी इतका चढला, की डॉक्टरांना त्यांचा दात काढता येईना. त्याच दिवशी डॉक्टरांनी सगळ्या रहस्यकथा पोत्यात भरायला लावल्या.

"मग लोकांनी काय भिंतीकडे बघत बसायचं?" ताईंनी विचारलं.

उत्तर डॉक्टरांच्या घरातच पडून होतं. समितीनं अंतिम यादीत निवडलेल्या पाच कादंबऱ्यांचा संच मेहुण्यांनी बहिणीला वाढदिवसाला दिला होता. त्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. "न्या की दवाखान्यात, दादालाही बरं वाटेल," बायको म्हणाली, आणि संच गाडीत नीट ठेवला गेला ना, हे दारात उभं राहून बघितलं.

पाचातली एक ताईंनी चाळायला म्हणून घरी नेली, ती परत आणलीच नाही. "ही चुकून शिरलीय बहुतेक यादीत," त्या म्हणाल्या. "मी संपवल्याशिवाय देणार नाही." उरलेल्या चार शेल्फात लागल्या आणि आठवड्याभरात दवाखान्याला शिस्त आली. हाक मारायच्या आधीच लोक दाराशी उभे राहू लागले. रूट कॅनॉलला आलेल्या एका बाई तिसऱ्या पानावरूनच उठल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "डॉक्टर, कुणाला उशीर होणार असेल तर माझं आधी करून टाका."

"तुमच्या यादीचा फार उपयोग झाला," डॉक्टरांनी मेहुण्यांना फोनवर सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आपले वाचक डोळ्यांनी बघावेत म्हणून मेहुणे त्याच दुपारी हजर झाले. संध्याकाळी समितीची शेवटची बैठक होती आणि ताईंनी घरी ठेवून घेतलेल्या त्या पाचव्या कादंबरीला त्यांचा कडाडून विरोध होता. "लोक रांग लावून घेतात ती," त्यांनी ताईंना सांगितलं. "अशा कादंबरीत असणार काय?"

बाकावर तेच इंजिनिअर बसले होते. त्यांनी हातातलं पुस्तक मेहुण्यांपुढे केलं. "तुम्हीच निवडलंत ना हे? यात होतं काय, तेवढं सांगा."

"यात मौनाला महत्त्व आहे."

"कुणाच्या?"

"लेखकाच्या."

"मग चारशे पानं कशाला?"

"वाचकानं थोडा संयम ठेवावा लागतो," मेहुणे म्हणाले.

"ठेवतो की. तुम्ही बसा इथे. मी मोठ्यानं वाचतो, अडलं की तुम्ही सांगा."

इंजिनिअरांनी खणखणीत आवाजात पहिलं पान वाचलं आणि दर वाक्याला थांबून अर्थ विचारला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मेहुणे उठले, कुणी हाक मारलेली नसताना आत गेले आणि खुर्चीत आडवे झाले. "काढा," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांना आधी खरंच वाटेना.

दाढ निघाली. कापसाचा बोळा घट्ट दाबून धरायचा आणि रात्रीपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. पाचव्या कादंबरीविरुद्ध तासभर बोलायच्या तयारीनं निघालेले मेहुणे बैठकीत गाल धरून बसले. त्यांनी निषेधाची चिठ्ठी लिहून पुढे सरकवली, पण त्यांचं अक्षर समितीत कुणालाच लागत नसे. अध्यक्षांनी ती आदरानं घडी घालून खिशात ठेवली. "कुणाचा विरोध?" त्यांनी विचारलं. नेमकी तेव्हाच भूल उतरली आणि मेहुण्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "बघा," अध्यक्ष हळूच म्हणाले, "यांच्यासारख्यालाही गहिवरून आलं." पाचव्या कादंबरीला पुरस्कार मिळाला, तोही एकमतानं.

ताईंना कोण आनंद झाला. त्यांनी आपली प्रत दवाखान्यात आणली आणि वर ठळक अक्षरात 'पुरस्कारप्राप्त' अशी पट्टी चिकटवली. चार दिवस तिला कुणी हात लावला नाही. लोक पट्टी वाचायचे आणि सरळ आत जायचे. ताईंना फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी पुस्तकाला नावाच्या पानासकट खाकी कव्हर घातलं आणि ते गुपचूप शेल्फात सरकवलं.

पुढच्या आठवड्यात मेहुणे टाके काढायला आले. "एक रहस्यकथा राहिलेली दिसतेय," असं पुटपुटत त्यांनी खाकी पुस्तक उचललं. ताईंनी एकदा हाक मारली, दोनदा मारली. "एवढं प्रकरण संपलं की आलोच," मेहुणे म्हणाले. बाकीचे पेशंट आटपले, दिवे मालवायची वेळ झाली, तेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"दादा, काय वाचताय एवढं?"

"नाव नाही यावर," मेहुणे मान वर न करता म्हणाले. "पण समितीत मी हेच कानीकपाळी ओरडत असतो. असली पुस्तकं आमच्यापर्यंत कुणी पोचूच देत नाही."

डॉक्टरांनी ताईंकडे बघितलं.

"सांगू का यांना, शेवटी काय झालं ते?" ताईंनी विचारलं.

"अजिबात नको," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.