सहाशे चारची सकाळ

दिगंबरराव पाहुण्याला पाणी विचारण्याआधी त्याच्या गावचा एसटीडी कोड विचारत. पंगतीत शेजारच्यानं कोड सांगेपर्यंत त्यांचा घास हातातच राही. एकदा खुद्द वरबापाला आपल्या गावचा कोड सांगता आला नाही, तर हे वरण तसंच टाकून उठले, आणि त्यांच्या मागोमाग अख्खी पंगत उठली. पंगत मी थोडी वाढवून सांगतो आहे. वरण मात्र खरंच राहिलं होतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या भैंशाच्या बसस्टँडसमोर माझा टेलिफोनचा बूथ. दिगंबरराव कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस, तिथल्याच कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला शिकलेले. हौसेनं माझ्या बूथमधल्या कॉम्प्युटरसाठीही त्यांनी एक लिहून दिला. नंबर टाकला की पडद्यावर देश आणि तिथली वेळ. गिऱ्हाईक फोन विसरून पडदाच पाहत बसायचं.

त्यांची एकुलती सुमी कॅनडात, पार पश्चिमेच्या टोकाला. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून दिगंबररावांनी बोलणं सोडलेलं. नावही घेत नसत. तिच्या शहराच्या आकड्यांवरून "तो सहाशे चारचा नंबर" म्हणत. सुमीची आई, म्हणजे काकू, दर रविवारी फोनला यायच्या, आणि हे सोबत येऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचे, जणू बस चुकेल.

एका रविवारी काकू नेहमीपेक्षा लवकर, ऊन उतरतानाच आल्या आणि नंबर दिला. पडद्यावर आलं : अमेरिका, सकाळ. काकूंना ऐकू कमी येई म्हणून मी फोनचा आवाज मोठा ठेवायचो. सुमी झोपेतून दचकून बोलली, "आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना? इथं रात्र आहे गं."

दिगंबरराव उठून पडद्यासमोर आले. फोन संपेपर्यंत हलले नाहीत.

"माहीच चूक," ते म्हणाले. "नंबरच्या सुरुवातीचा एकचा आकडा पाह्यला आन् अमेरिका लिहून मोकळा झालो. तो एक तर कॅनडाचाबी हाय, कितीक बेटायचाबी हाय. एका बसमधून उतरले म्हनून सारे एकाच घरी जाते का? पुढचे तीन आकडे पाहा लागते, तवा गाव समजते."

"काका, परदेश तो परदेशच," मी म्हणालो. "काऊन एवढं मनाला लावून घेता?"

"तिकडं पोरगी झोपून राह्यली, आन् आपला पडदा म्हंते सकाळ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नंबरची पोरगी झाली होती.

तो आठवडाभर जिनिंग सुटली की प्रोग्राम दुरुस्त करायला त्यांचा मुक्काम माझ्या बूथमध्ये. बाहेर गिऱ्हाइकांची रांग पार मुधोळच्या रस्त्याला लागली, असं मी आजही सांगतो.

पुढच्या रविवारीही काकू ऊन उतरतानाच आल्या. नंबर टाकला. पडद्यावर : कॅनडा, व्हँकुव्हर, रात्र. दिगंबररावांनी काकूंच्या हातातून रिसीव्हर काढून खाली ठेवला.

"थांब. झोपू दे तिले."

दोघं बाकावर बसले. काकूंनी पिशवीतली मेथी काढून निवडायला घेतली. दिवे लागले, बाजार उठला. दिगंबरराव सारखे उठून पडदा पाहून येत, जसं कोणी चुलीवरचं दूध पाहून येतं. मी कुलूप हातात घेऊन उभा होतो. ते परत खिशात टाकलं.

शेवटी पडद्यावर सकाळ झाली.

"लाव," दिगंबरराव म्हणाले.

काकूंनी मान वर केली नाही. "तुमीच लावा. माह्या हाताला मेथीची माती हाय."

त्यांनी नंबर लावला. पडद्याकडे पाहिलं नाही, एकेक आकडा पाठ होता. तिकडून आवाज आला, "आई?"

दिगंबररावांनी घसा खाकरला.

"उठली का, माय?"