कंटकपंतांचा फॉस्फरस

एका जंगलात सगळ्यांना पोट होतं आणि एकट्यालाच विद्वत्ता होती. पोटवाले प्राणी दिवसभर हिंडायचे. विद्वत्तावाला बसून राहायचा. त्याचं नाव कंटकपंत साळिंदर.

आता बाळांनो, साळिंदराला विद्वान होणं फार सोपं. पाठीवर लेखण्या आयत्याच असतात. एक उपटली की बसलं लिहायला. लिहिण्यासारखं काही आहे का, हा प्रश्न नंतरचा. ही गोष्ट सांगणाऱ्यालाही तो अजून सुटलेला नाही.

एकदा त्या जंगलाच्या सिंहमहाराजांना वाटलं, आपल्या राज्याचा बहुभाषी कोश हवा. शेजारच्या जंगलात होता, म्हणून हवा. दरबारात शब्दांची वाटणी झाली. 'प्रेम' मोराने पटकावलं, 'सत्ता' कोल्ह्याने. कंटकपंत नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचले, तेव्हा एकच शब्द उरला होता. फॉस्फरस. त्याचे इंग्रजी आणि तुर्की अर्थ उपयोगांसह होळीच्या आत आणायचे होते. ज्याचं काम सरस, त्याला 'कोशभूषण' पदक मिळणार होतं.

पंतांना ते पदक फार हवं होतं. त्या दिवसापासून ते चालताना छाती पुढे काढायला लागले. पोट जास्त पुढे असल्याने ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. एक ओळ लिहायची आणि मग वाळकं हाड घेऊन कुरतडत विचार करायचा. साळिंदरं हाडं कुरतडतातच. दात झिजतात, अंगालाही काही लागतं. काय लागतं, ते पंतांनी कधी पाहिलं नव्हतं. विद्वत्तेच्या चार वर्षांत बिळाच्या दाराशी हाडांचा हा ढीग झाला होता आणि ढिगाखाली पांढरा चुरा.

त्यांची बायको साळूबाई. तिने ओढ्याकाठी मका लावला होता. घरात दोन पिल्लं होती आणि उन्हाळ्याची सगळी बेगमी त्या मक्यावर होती.

पंतांचं इंग्रजी झटपट झालं. वनखात्याच्या बंगल्यातून त्यांनी एक जाडजूड कोश आणला होता. त्यातून कळलं, की या नावाचा मूळ अर्थ उजेड आणणारा. पहाटेच्या चांदणीलाही पूर्वी हेच नाव होतं. शिवाय नाम आणि विशेषण यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. त्या एका अक्षरावर पंतांनी सात पानं लिहिली. पुढची माहिती मिळाली नाही, कारण विचाराच्या भरात कोशाचं ते पान त्यांनीच खाल्लं होतं.

तुर्कीसाठी करकोचा होता. तो दर थंडीत तिकडून यायचा आणि ओढ्यावर एका पायावर उभा असायचा. तो म्हणाला, तिकडे झगझगीत पिवळ्याहिरव्या रंगाला फॉस्फरलू म्हणतात. पुस्तकातल्या ओळीवर रंग ओढायच्या पेनालाही तोच शब्द. आणि तिकडच्या आया मुलांच्या ताटात मासा वाढताना सांगतात, खा, यात फॉस्फर आहे, डोकं चालेल. पंतांनी मान डोलवत सगळं टिपून घेतलं आणि नवं हाड उचललं.

इकडे मका खुरटला. पानं कडेने जांभळी पडायला लागली. साळूबाईने एक पान आणून पंतांपुढे धरलं. पंतांनी ते उजेडात धरलं, सावलीत धरलं आणि चकाकतं का ते पाहिलं. चकाकत नव्हतं. त्यांनी ते परत दिलं.

"अहो, मका जातोय," साळूबाई म्हणाली. "काही तरी बघा."

"मका 'म'मध्ये येतो," पंत म्हणाले. "मी अजून 'फ'वर आहे."

साळूबाई रानाकडेच्या शेताच्या बांधावर गेली आणि दोन शेतकऱ्यांचं बोलणं ऐकून आली. पानं जांभळी पडली, म्हणजे जमिनीत स्फुरद कमी. आजोबांच्या काळी लोक हाडांचा चुरा घालायचे. घरी येऊन तिने हे जसंच्या तसं पंतांना सांगितलं.

पंतांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "स्फुरद हा शब्द मला दिलेला नाही," ते म्हणाले.

साळूबाई ढिगाकडे वळली. तिने टोपली घेतली. ढिगाखालचा चुरा भरला आणि मक्याच्या मुळाशी घातला. चुरा संपला तेव्हा हाडं दगडाने ठेचून घातली. पंतांनी बरीच आरडाओरड केली, हाडाशिवाय विचार कसा करायचा म्हणून. तिने सांगितलं, आजवर हाड असताना केलात, आता नसताना करून बघा. महिनाभरात मक्याला नवी हिरवी पानं फुटली. पंतांचे दात मात्र वाढले.

होळीच्या आदल्या दिवशी दरबार भरला. पंतांनी दुपारभर वाचलं. मोर झोपला, कोल्हा झोपला. महाराज जागे होते, कारण त्यांच्याकडे सगळे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे आपल्या जंगलात कुठे मिळतं?"

पंतांनी पानं पुढे उलटली, मागे उलटली. कुठेच नव्हतं.

"तुमच्या दारात होतं, पंत," मागून करकोचा म्हणाला. "हाडांत असतं ते. इकडचे शेतकरी त्यालाच स्फुरद म्हणतात."

पंतांनी पानं मिटली. तसा संदर्भ सापडत नाही, असं म्हणून निभावता आलं असतं. पदक हातभर अंतरावर होतं. पण त्यांना टोपली वाहणारी साळूबाई आठवली आणि कसंसंच झालं.

"महाराज," ते म्हणाले, "ते मी चार वर्षं चावतोय. बायकोने मला नाव सांगितलं, तर मी म्हणालो, हा शब्द मला दिलेला नाही. माझ्याइतका फॉस्फरस कुणी खाल्ला नसेल, आणि माझ्याइतकं कमी कुणाला कळलं नसेल."

दरबाराला हा विद्वानांचा विनय वाटला. टाळ्या पडल्या आणि पदक पंतांच्याच गळ्यात पडलं. साळूबाईचं नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पंत घरी आले. पिल्लं कणसं खात होती. साळूबाईने पदक हातात घेऊन उलटंसुलटं केलं. त्या राज्यात सोनं नव्हतं, पदक हाडाचं होतं.

"जाड आहे," ती म्हणाली. "पुढच्या पेरणीला होईल."

पंतांनी पदक परत मागून घेतलं. मग खाली बसले आणि कडेने कुरतडायला लागले. आधी 'कोश' गेला, मग 'भूषण'. पिल्लांनी खाली टोपली धरली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच पंतांचं काम घरी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, आणि त्यांना ते मनापासून आवडलं.

तात्पर्य : विद्वानांचा सत्कार अवश्य करावा. मात्र पदक हाडाचं द्यावं, म्हणजे पुढेमागे मक्याला लागतं. प्रस्तुत लेखकाला आजवर मिळालेली तिन्ही पदकं पितळेची आहेत.