सगळ्या गाड्या सारख्या

"आपली गाडी जड चालते," असं काडी दोन रविवार घसा कोरडा करून सांगत होती, आणि एकाही मेल्याला ते पटत नव्हतं. नवरा म्हणाला, "ब्रेक जरा उशिरा दाब." दीर म्हणाला, "वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं." भंगारवाला नुसता हसला, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

(काडी हे तिचं सासरचं नाव. लग्नात सासूने तिला एकदा न्याहाळलं आणि म्हणाली, "काडीच आहे की!" आता काडीच्या दोन्ही लेकींची लग्नं झाली. नाव तेवढं आहे तसंच राहिलं.)

भानगड तिनेच सुरू केली होती. बंद कारखान्याच्या पटांगणात दर रविवारी नारिंगी शंकू मांडून शर्यत चालायची. एकेक गाडी सोडायची, शंकूंमधून वळणं घेत परत यायचं, कमी वेळ लागला तो जिंकला. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. जिंकायचा मात्र कायम दीर, कारण त्याचं टायरचं दुकान आणि गाडीला सदानकदा नवी पायताणं. काडी नवऱ्याच्या गॅरेजला लागून सीट कव्हरं शिवायची. एके दिवशी दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "ही शर्यत नव्हे, खिशांची मारामारी आहे. सगळ्यांनी एकाच जातीची जुनी छोटी गाडी आणा. साधे टायर. इंजिनाला हात लावायचा नाही. मग हरेल त्याचा दोष त्याचाच, गाडीचा नाही."

"आणि माणसं?" नवऱ्याने विचारलं. "तो पहिलवान केवढा, मी केवढा!"

"तेही सारखं. गाडी आणि चालवणारा मिळून एकच वजन. जो हलका त्याने वाळूच्या पिशव्या घ्यायच्या. पिशव्या मी शिवते."

आणि शिवल्या. दुहेरी दोऱ्याने, वाळूचा कणही सांडू नये अशा. मोडीत निघालेल्या सहा गाड्या जमल्या. दूधवालासुद्धा आला, ज्याने आजवर कुंपणाबाहेरूनच शर्यत पाहिली होती.

भंगारवाल्याच्या काट्यावर गाड्या चालवणाऱ्यासकट चढू लागल्या. काडीची पाळी आली तेव्हा भोवती सगळे पुरुष माना लांब करून उभे होते. ती खाली उतरली.

"नुसती गाडी मोजा. माझं मला ठाऊक आहे. पन्नास."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "पन्नास," तो म्हणाला, आणि सगळ्यांत जास्त पिशव्या तिच्या गाडीत रचल्या.

पहिल्या रविवारी ती शेवटची आली. दुसऱ्याही. गाडी घरात एकच, त्यामुळे ठरलं होतं की तिसऱ्यांदा शेवटची आली तर स्टिअरिंग नवऱ्याकडे. काडीच्या पायाला भिंगरी लागली. सीट कव्हरं उलटी शिवली, दूध उतू जाऊ दिलं. दिराच्या टायरवर नख घासून पाहिलं, पहिलवानाच्या इंजिनाचा वास घेतला, दूधवाल्याची डिकी उचकली. बसली की उठायची, उठली की कुणावर तरी संशय घ्यायची.

तिसऱ्या रविवारी तिने रस्ता अडवला. "सगळ्या गाड्या पुन्हा काट्यावर. चालवणाऱ्यासकट. खाली उतरेल तो बाद."

"कुणीही, वहिनी?" दिराने विचारलं.

"कुणीही म्हणजे कुणीही."

पाच गाड्या चढल्या, पाचही जणांचा आकडा एकच. मग काडीने गाडी पुढे घेतली, आणि चाक काट्याच्या पत्र्यावर चढल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. पण आता उतरायची सोय नव्हती. भंगारवाल्याने आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"काटा बिघडलाय," काडी खिडकीतून म्हणाली.

"पाच गाड्यांना बरोबर होता, ताई."

"मग सहावीला बिघडला."

नवऱ्याने मुकाट्याने मागचं दार उघडून एक पिशवी बाहेर ठेवली. भंगारवाला म्हणाला, "अजून." दुसरी ठेवली. "अजून." शेवटची पिशवी उतरली तेव्हा आकडा जुळला. आता वाळूविना गाड्या दोनच होत्या, पहिलवानाची आणि काडीची.

"म्हणजे वहिनी," दीर म्हणाला, "तुम्ही दोन रविवार स्वतःच्याच मांडीवर बसून गाडी चालवलीत?"

काडीने मान नवऱ्याकडे वळवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मला रोज घरी यायचं असतं."

शर्यत सुटली. गाडी अशी पळाली की काडीलाच धडकी भरली. वळणामागून वळणं लोण्यासारखी कापली. शेवटच्या शंकूंपाशी ती दिराच्या वेळेपेक्षाही पुढे होती. तेवढ्यात त्याचं तोंड कसं झालंय ते बघायला तिने मान वळवली.

एक शंकू बंपरखाली गेला. त्याने शेजारच्यालाही सोबत नेलं. दंड धरून ती शेवटची आली.

काडी गाडीतून उतरली ती थेट बोलतच. "टायर बघा!"

"सारखे आहेत," दीर म्हणाला.

"इंजिन?"

"सारखं," पहिलवान म्हणाला.

"वजन?"

"आता तेही," भंगारवाला म्हणाला.

नवऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला, तोही घाबरत घाबरत. काडीने किल्ली त्याच्या तळहातावर आपटली आणि रिकाम्या पिशवीसारखी कुंपणाला टेकली. दूधवाला नवा होता, त्याला बिचाऱ्याला अजून नियम पाठ नव्हते.

"मग काकू, दोष कुणाचा धरायचा?"

नियम तिचाच होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काडीचा."